काट्यावरची झोप

मुलांना झोपवण्याचं काम बहुतेक आईबाप त्यांच्या वयाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापर्यंत उरकून टाकतात. मी ते आमची चिमणी चोवीस वर्षांची झाल्यावर पुन्हा हाती घेतलं. आठवडाभरात उरकेल असा माझा अंदाज होता. अंदाज ही गोष्ट मला मुळात आवडत नाही, कारण मी वजनमापे कार्यालयात तपासनीस आहे आणि आमच्याकडे अंदाजाला गुन्हा समजतात.

झालं असं, की चिमणीनं अग्निशमन दलाच्या भरतीत सगळ्या परीक्षा पार केल्या. शिडी चढली, पाण्याचा फुगलेला पाइप धरून उभी राहिली, माणसाएवढं गाठोडं खांद्यावर टाकून चार मजले उतरली. आणि अडली कुठे, तर वजनावर. तिच्या उंचीला चौसष्ट किलोच्या वर वजन चालत नाही असा नियम, आणि ही भरली सहासष्ट. वजनमापे तपासनिसाच्या पोरीच्या घोड्यानं वजनापाशीच पेंड खावी, याला काय म्हणावं! दोन महिन्यांनी पुन्हा या, तेव्हाही नाही उतरलं तर नाव कापू, असं त्यांनी सांगितलं. लहानपणी ही पोर लाल गाडी दिसली की हातातली बिस्किटं टाकून धावायची. आयुष्यात तिनं दुसरं काही मागितलं नव्हतं.

दलाच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हा तिघांना समोर बसवलं. "खातेस काय?" त्यांनी चिमणीला विचारलं.

उत्तर हिनं दिलं. (हिनं म्हणजे माझ्या बायकोनं.) "काही खात नाही हो ती. ताटात नुसतं चिवडत बसते."

"आणि झोपतेस किती?"

यावर आम्ही तिघंही एकमेकांकडे बघायला लागलो. घरात इतकी वर्षं सगळ्याची चौकशी झाली होती, हीच तेवढी राहून गेली होती.

"पडते वेळेवर," चिमणी म्हणाली. "लागत नाही. आणि मग उठून डब्यात काय आहे ते बघते."

तेव्हा चिवडलेल्या ताटाचा उरलेला हिशेब कुठे लागत होता ते हिला कळलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्या वयात झोप नीट झाली नाही की भूक वाढते, गोड खावंसं वाटतं आणि अंग हलवायचा कंटाळा येतो. नुसत्या झोपेनं वजन उतरेल असं मी म्हणत नाही. पण झोप नसेल तर बाकीचं सगळं दुप्पट अवघड होतं. आधी झोप सुधार." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आणि तुम्ही यात फार लक्ष घालू नका." हे त्या केवळ सभ्यतेनं म्हणाल्या असा मी अर्थ घेतला.

माझ्या स्वभावाबद्दल इथे दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण नंतर इतरांनी चार सांगितले. मी तपासल्याशिवाय कशावर विश्वास ठेवत नाही. कुलूप लावलं की दोनदा ओढून बघतो. दार लावलं की ढकलून बघतो. चिमणी जन्मली तेव्हा इतकी लहान होती, की सुईणबाई तिला पारड्यात ठेवत असताना "या काट्याची पडताळणी कधी झालीय?" असं मी विचारल्यावाचून राहिलो नाही. पारड्याला माझा हात टेकला होता. "हात काढा," बाई खेकसल्या, "मुलीचं वजन कळू दे." मी हात काढला. त्या थंडगार पारड्यात, बाईंच्या आरडाओरड्यात, ती पोर गाढ झोपलेली होती. तिचं चिमणी हे नाव त्या दिवशी पडलं आणि पुढे तिचं वजन वाढलं तरी नाव वाढलं नाही.

तर मी लक्ष घातलं. सुरुवात अगदी छोटी होती. आमच्या डोक्यावर एक निवृत्त मास्तर राहतात. ते खुर्ची सरकवतात. म्हणजे सगळेच सरकवतात, पण मास्तरांची खुर्ची सरकली की आमच्या छताला कोणी तरी खवणीवर किसतंय असं वाटतं. खुर्चीच्या पायांना रबराची टोपणं लावा एवढीच विनंती करायला मी वर गेलो. टोपणं मी खिशात घालूनच नेली होती.

मास्तरांनी टोपणं हातात घेऊन उलटसुलट बघितली. "प्रश्न माझ्या एकट्याच्या खुर्चीचा नाही," ते म्हणाले. "प्रश्न तत्त्वाचा आहे. एका होतकरू मुलीची झोप ही सबंध इमारतीची जबाबदारी आहे. सभा घेऊ."

"अहो, चार टोपणं लावायला सभा कशाला?"

"तुम्ही सरकारी माणसं. तुम्हाला सामुदायिक कामाची गोडी नाही."

सभा झाली. मुलीचं वजन आणि मुलीची झोप हे दोन्ही विषय मी चार भिंतींच्या आत ठेवले होते. ते मास्तरांनी जिन्याखाली खुर्च्या मांडून पंधरा बिऱ्हाडांपुढे वाचून दाखवले. चिमणी तेव्हा धावून परत येत होती. ती दारातच थबकली, आणि सगळ्यांनी तिच्याकडे वळून इतक्या मायेनं पाहिलं, की मला जिन्याच्या पायरीत गडप व्हावंसं वाटलं.

मग सल्ले सुरू झाले. शेजारच्या काकू म्हणाल्या, डाव्या कुशीवर निजव. त्यांच्या मिस्टरांनी उजवी सांगितली, आणि त्यावरून त्या दोघांचंच दोन दिवस बोलणं बंद होतं. रिकाम्या पोटी झोप येत नाही, या सिद्धांताला धरून काकू रोज डबाभर काही तरी गोड आणून द्यायला लागल्या. वजन उतरवण्यासाठी झोप आणि झोपेसाठी गोड, हा घाट मी त्यांना समजावून सांगायला गेलो तर म्हणाल्या, "पोरीच्या तोंडचा घास मोजताय? जळलं तुमचं ते खातं." तळमजल्यावर एक विमा एजंट आहेत. ते मात्र प्रामाणिकपणे म्हणाले, "मी येऊन नुसत्या अटी वाचतो. आजवर एकही माणूस जागा राहिलेला नाही."

सभेत ठराव झाला: संध्याकाळनंतर इमारतीत आवाज बंद. सांगायला मला संकोच वाटतो, पण लोकांनी तो पाळला. आपल्याकडे स्वतःसाठी केलेला नियम कोणी पाळत नाही, दुसऱ्याच्या मुलीसाठी केलेला पाळतात. दारं हातानं धरून लावली जाऊ लागली. भांडणं गच्चीवर जाऊन होऊ लागली. मास्तर चवड्यांवर चालायला लागले. आणि मग एक अद्भुत गोष्ट घडली. सबंध इमारतीला झोप लागायला लागली. वर्षानुवर्षं पहाटेपर्यंत कूस बदलणारी माणसं डोकं टेकलं की घोरायला लागली. सकाळी जिन्यात जो भेटेल त्याच्या चेहऱ्यावर नुकतंच धुतल्यासारखं तेज. एजंटांच्या चिरंजिवांचं सुटलेलं पोट आत गेलं. मास्तरांची विजार ढिली होऊन ती त्यांना एका हातानं धरून जिना उतरावा लागे. मी थक्क होऊन बघत राही.

झोप लागत नव्हती ती फक्त चिमणीला.

"बाबा, इतकी शांतता असते," ती म्हणाली, "की मला मास्तर चवड्यांवर चाललेले ऐकू येतात. मग वाटतं, हे बिचारे माझ्यासाठी चवड्यांवर चालतायत आणि मी टक्क जागी. मग आणखीच जागी राहते."

शिवाय सकाळी जिना उतरताना प्रत्येक मजल्यावर एक दार उघडायचं आणि एक डोकं विचारायचं, "लागली का गं?" ती "हो" म्हणायची. मग दुसरा प्रश्न, "उतरलं का?" धावायला जाणारी मुलगी तिसऱ्या मजल्यापासून रस्त्यापर्यंत पोचेतो दमलेली असायची.

ती खोटं "हो" म्हणते हे कळल्यावर माझ्यातला तपासनीस जागा झाला. घरात आता तोही जागाच. ती खरोखर झोपते किती, हे तिला न विचारता कळलं पाहिजे. उपाय मला अंघोळ करताना सुचला आणि इतका सोपा होता की मी साबण तसाच ठेवून बाहेर आलो. झोपलेलं माणूस हलत नाही. जागं माणूस कूस बदलतं. कूस बदलली की वजन पलंगाच्या एका पायावरून दुसऱ्या पायावर जातं. तेव्हा पलंगाच्या चार पायांखाली चार काटे ठेवायचे! वाणी माझ्या ओळखीचा होता. त्याच्याकडून पडताळणी झालेले, शिक्का असलेले चार काटे आणले आणि पाणसळ लावून पलंग समपातळीत त्यांवर चढवला. पलंग इतका उंच झाला की चिमणीला स्टुलावर पाय ठेवून चढावं लागे.

"यावर मी झोपू?" ती म्हणाली.

"काट्यांना काही होत नाही. पन्नास-पन्नास किलोचे आहेत."

माझ्या योजनेत दोष एकच होता, आणि तो फार बारीक होता. काटे पलंगाखाली असल्यामुळे ते वाचायला मला पलंगाखाली जावं लागे. मी अगदी अलगद दार ढकलत असे, गुडघ्यांवर सरकत असे, विजेरीवर हात धरून उजेड कमी करत असे. तरी पलंगावरून आवाज यायचा, "बाबा."

"झोप, झोप. मी नाहीये."

"झोपलेच होते."

"खरंच? किती वेळ?"

"तुम्ही येईपर्यंत."

हिनं एकदा मला स्वयंपाकघरात गाठलं. "तुम्ही त्या पोरीला निजू देणार आहात का?"

"त्याच खटपटीत आहे मी," मी म्हणालो. यावर हिनं कपाळावर हात मारला. आमच्या घरात कपाळावर हात मारण्याचं काम पूर्वीपासून हिच्याकडेच आहे.

चिमणीनं मात्र कोणावर राग काढला नाही. ती दोन्ही वेळा धावली, काकूंचे डबे गुपचूप एजंटांच्या घरी पोचवले, डोळ्यांखाली काळं साठलं तरी थांबली नाही. वजन मुंगीच्या पावलांनी खाली आलं. पण चौसष्टच्या जरा वर येऊन जे हटून बसलं, ते हलेना. शेवटच्या आठवड्यात तिचे खांदे पडले. "मी आणखी काय करू, बाबा?" असं तिनं एकदाच विचारलं.

मुदतीचा दिवस आला. मी रजा काढून दोघींबरोबर अग्निशमन केंद्रात गेलो. डॉक्टरीणबाईंच्या खोलीत एक जुना उभा काटा होता. चिमणी त्यावर चढली.

"साडेबासष्ट!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "शाब्बास! झोप सुधारलेली दिसते."

हिनं डोळ्यांना पदर लावला. केंद्राचे प्रमुख हसले. आणि मी? चिमणी चढण्याआधी त्या काट्याची सुई कुठे होती हे मी पाहिलं होतं. ती शून्यावर नव्हती. शून्याच्या चांगली खाली होती. वर शिक्का होता तो कधीच मुदत संपलेला. म्हणजे हा काटा येणाऱ्या-जाणाऱ्याला दीड किलो सूट देत होता.

पुढच्या काही क्षणांत माझ्या मनात जे चाललं ते कुठल्याही संतपुरुषाच्या चरित्रात शोभलं नसतं. मी स्वतःला सांगितलं, की आज मी रजेवर आहे आणि रजेवरच्या तपासनिसाला डोळे नसतात. मी सांगितलं, की दीड किलो म्हणजे काय, तिच्या दोन महिन्यांच्या घामाच्या पासंगालाही पुरणार नाही. मी खिडकीबाहेर बघायला लागलो. बाहेर लाल गाडी उभी होती, आणि तिच्या शिडीवरून एक माणूस खाली उतरत होता.

"बाबा," चिमणी काट्यावरूनच म्हणाली, "हा काटा चुकतोय ना?"

डॉक्टरीणबाईंनी नोंदवहीतून मान वर केली.

"सकाळी घरी चौसष्टच्या वर होते मी," ती म्हणाली. "आणि तुम्ही खिडकीबाहेर बघताय. तुम्ही कधी खिडकीबाहेर बघता?"

"अगं, नोंद झाली आता," ही घाईनं म्हणाली.

"आई, उद्या शिडीनं खरं वजन सांगितलं तर?" चिमणी काट्यावरून खाली उतरली. तिचे डोळे भरले होते, पण ती उतरली. तिनं दात घट्ट आवळले होते. मला अभिमान वाटला आणि त्याच वेळी तिला दोन लगावून द्याव्यात असंही वाटलं. एवढा खरेपणा तिला शिकवला कोणी, असा प्रश्न पडला, आणि उत्तर लगेच आठवलं.

प्रमुख भडकले. आमचा काटा खोटा म्हणता? मी सुई दाखवली, शिक्का दाखवला. मग प्रश्न आला, की आता वजन कुठे करायचं? मुदत आज संपते आणि शिक्क्याशिवायच्या काट्यावर नोंद करता येत नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले. गावात ज्याच्यावर कोणी बोट ठेवू शकणार नाही असा एकच काटा होता, आणि तो आमच्या कार्यालयात होता.

"व्हा पुढे, आम्ही मागून येतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आम्ही फाटकातून बाहेर पडतोय तोच भोंगा वाजला. कुठे तरी लाकडाच्या वखारीला आग लागली होती. प्रमुख धावले, डॉक्टरीणबाई धावल्या, लाल गाडी आमच्या अंगावर धूळ उडवत निघून गेली. आम्ही आमच्या मार्गानं फुफाट्यात निघालो.

कार्यालयात माझ्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. आमचे साहेब म्हणजे नियमाचा पुतळा. बाहेरच्या माणसाला नियम सांगतात, आतल्याला तोच नियम दोनदा सांगतात.

"मुलगी तुमची?"

"हो, साहेब."

"मग तुम्ही प्रमाणकक्षात पाऊल टाकायचं नाही. काट्याच्या आसपासही फिरकायचं नाही."

"साहेब, तो काटा इतकी वर्षं मी स्वतःच्या हातानं पुसलाय!"

"म्हणूनच," साहेब म्हणाले. माझ्या सबंध नोकरीचा एका शब्दात निकाल लागला.

प्रमाणकक्ष म्हणजे आमच्या कार्यालयाचा गाभारा. जाड भिंती, एकामागे एक दोन दारं, आणि फरशीचा पाया बाकी इमारतीपासून वेगळा, म्हणजे रस्त्यावरून मालाची गाडी गेली तरी आत धक्का पोचत नाही. आत घड्याळ नाही, फोन नाही, खुर्ची नाही. हवा कायम एकसारखी. मधोमध मोठा जमिनीलगतचा काटा, लोखंडी पिंपं तोलता येतील एवढा रुंद, आणि ग्रॅमही दाखवेल एवढा हळवा. कक्षाचा नियम एकच: वजन ठेवायचं आणि बाहेर यायचं. जवळ उभ्या माणसाच्या श्वासानंही सुई बिचकते, म्हणून वाचायचं ते भिंतीतल्या काचेतून.

चिमणी बूट काढून काट्यावर उभी राहिली. साहेबांनी दोन्ही दारं ओढून घेतली. सुई डोलली, डोलली आणि थांबली. चौसष्ट किलो ऐंशी ग्रॅम.

ऐंशी ग्रॅम! दुसऱ्या कुठल्याही काट्याला ते दिसलेसुद्धा नसते. डोळे झाकून कोणीही चौसष्ट लिहिलं असतं. आपल्याच खात्यातला, आपणच पुसलेला काटा आपल्या पोरीच्या आड यावा!

"साहेब, ऐंशी ग्रॅम म्हणजे..."

"म्हणजे ऐंशी ग्रॅम," साहेब म्हणाले. मग थोडं खाकरून, "नोंद डॉक्टर समोर असतानाच होईल. तोवर काटा स्थिरावू दे." त्यांनी काचेच्या खालच्या झडपेतून आत सांगितलं, "मुली, उतरू नकोस. उतरलीस तर पुन्हा पहिल्यापासून. बस हवं तर." आणि झडप लावून टाकली.

ती बसली. तिला काचेतून आमच्याकडे बघता येत नव्हतं. काच अशी आहे, की बाहेरून आत दिसतं, आतून फक्त भिंत. तिनं गुडघ्यांना मिठी मारली. इकडे तिकडे बघितलं. दोन महिन्यांत पहिल्यांदाच तिला कोणी काही विचारत नव्हतं. मग ती त्या लोखंडी पत्र्यावर आडवी झाली, गाल पत्र्याच्या जाळीदार नक्षीवर टेकला, गुडघे पोटाशी घेतले, आणि जांभईसुद्धा पुरी न करता झोपली.

"झोपली," ही माझ्या कानाशी म्हणाली. तिनं माझा हात इतका घट्ट धरला, की बांगड्या मला रुतल्या.

मी सुईकडे बघत होतो. सुई स्थिर होती, पण अगदी स्थिर नव्हती. ती थरथरत होती. एक बारीकसा ठेका धरून थरथरत होती. टुक, आणि थांबून, टुक. काटा बिघडला की काय, हा माझ्या मनात आलेला पहिला विचार. खात्यात जन्म गेला माझा. मग कळलं आणि माझ्या अंगावर सरसरून काटा आला. ते तिचं काळीज होतं. ते आत ठोके देत होतं आणि आमचा काटा ते तोलून दाखवत होता.

मी आयुष्यभर पोती तोलली, पिंपं तोलली, सोनं तोललं. कुठल्याच वजनानं मला असं उलट उत्तर दिलं नव्हतं. मी किती वेळ बघत होतो कोण जाणे. मागे हळूहळू माणसं जमली. आमचा शिपाई आला, टंकलेखिका आली, वजनांवर शिक्के मारून घ्यायला आलेले दोन-तीन दुकानदार आले. शिपायानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. का काढली हे त्यालाही सांगता आलं नसतं.

"उतरतोय," साहेब कुजबुजले.

मी पाहिलं. थरथरत्या सुईचा मध्य धरला तर तो ऐंशीवर नव्हता. साठच्या जवळ आला होता.

यात चमत्कार काही नाही. माणूस श्वास सोडतो त्याबरोबर थोडी वाफ जाते, अंगातून थोडी ओल जाते, आणि तेवढा तो हलका होतो. पुस्तकात आहे हे. पण पुस्तकात असणं निराळं आणि आपली पोर डोळ्यांदेखत श्वासाश्वासानं हलकी होताना बघणं निराळं. तांदळाचं पोतं कितीही वेळ निजवलं तरी असं हलकं होत नाही. ती काही करत नव्हती. दोन महिने तिनं करायचं ते सगळं केलं होतं, आम्ही सगळ्यांनी करायचं नाही ते सगळं केलं होतं, आणि आता कोणीच काही करत नसताना जे हटून बसलं होतं ते आपणहून सुटत चाललं होतं. माझे डोळे भरून आले. मी पुढे झालो आणि नकळत दोन्ही तळवे काचेवर टेकले.

"हात काढा," साहेब हळूच म्हणाले. "कंप आत जातो."

मी हात काढला. सुईणबाईंनंतर हे मला सांगणारे साहेब दुसरेच. पहिल्या वेळी मला त्याचा राग आला होता.

सुई चाळीसवर आली. वीसवर आली. तेवढ्यात खिडकीतून बाहेर लाल गाडी वळताना दिसली, आणि चालकाचा हात भोंग्याकडे जाताना दिसला. जे साहेब स्वतःचा पाण्याचा पेला स्वतः उचलत नाहीत, ते दोन्ही हात हलवत दाराबाहेर धावत सुटले. भोंगा वाजला नाही. प्रमुख आणि डॉक्टरीणबाई धुरानं काळे झालेले, बूट हातात घेऊन आत आले. त्यांना बूट काढायला कोणी सांगितलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी काचेतून बघितलं. मग मनगटावरचं घड्याळ समोर धरून सुईवरून नाडी मोजली. "उत्तम," त्या म्हणाल्या. "वजन?"

साहेबांनी सुईच्या झोक्याचा मध्य धरला, एकदा, दुसऱ्यांदा, आणि पुन्हा एकदा. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. "चौसष्ट," ते म्हणाले. "वर काही नाही."

प्रमुखांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. हिनं शिपायाच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडून घेतलं.

"उठवू आता?" मी विचारलं.

"कशाला?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

तेव्हा आम्ही सगळे तिथेच उभे राहिलो. आग विझवून आलेली माणसं, शिक्के घ्यायला आलेले दुकानदार, सरकारी कामाची वेळ, सगळं थांबलं होतं.

ती आपली आपण उठली. दार उघडून बाहेर आली तेव्हा गालावर पत्र्याची जाळी उमटलेली होती आणि चेहरा असा, की मला ते पारडंच आठवलं.

"किती?" तिनं विचारलं.

"चौसष्ट," साहेब म्हणाले.

ती हसली. मग माझ्याजवळ येऊन डोळे चोळत म्हणाली, "काय झोप लागली, बाबा! आत बघायला कोणी नव्हतं ना."

माझ्या मागे काचेला लागून उभे असलेले सगळेजण एकदम दुसरीकडे बघायला लागले. साहेब छताकडे, दुकानदार आपापल्या वजनांकडे. मी खिडकीबाहेर.

त्याच दिवशी मी वाण्याचे चारही काटे परत केले आणि पलंग जमिनीवर आणला. मास्तरांना सांगितलं, खुर्ची खुशाल सरकवा. ते म्हणाले, ठराव मागे घ्यायला सभा घ्यावी लागेल, आणि आता इमारत ऐकणार नाही. चिमणी दमून लवकरच आडवी झाली. मी तिच्या खोलीचं दार बाहेरून ओढून घेतलं. नीट लागलं की नाही, ते ढकलून बघितलं नाही.